दलालीची वही कुणाच्या हाती?

‘भावा, या लिंकवरून अकाउंट काढ. तुला बोनस, मला कमिशन. केवायसीची कटकट नाही, यूएसडीटी चालतं.’ बोईसरच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज पडला तर आता कुणी दचकत नाही. शिफ्ट सुटलेली असते, पगार नुकताच खात्यात आलेला असतो आणि मेसेज पाठवणारा ओळखीचाच असतो, एकाच कंपनीतला नाहीतर एकाच चाळीतला. वाचणारा बोनसचा विचार करतो. पाठवणाऱ्याच्या डोक्यात वेगळाच आकडा असतो: हा आला, खेळला, तर आपल्याला किती?

या ‘किती’वरून जगभर भांडणे आहेत. क्रिप्टो चलनावर चालणाऱ्या जुगाराच्या साइट गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला कमिशन देतात, म्हणजे निदान देण्याचे कबूल करतात. मग कुणाचे कमिशन पडद्यावर दिसते पण काढता येत नाही, कुणाचे एका रात्रीत उणे होते, कुणाचे खातेच ‘नियमभंग’ म्हणून बंद होते. तारापूर-पालघरच्या पट्ट्यात बसून असे कमिशन मिळवू पाहणाऱ्याच्या वाट्याला मात्र आणखी एक अडचण येते. ती इंटरनेटच्या किंवा बिटकॉइनच्या काळातली नाही. ती १८६५ सालची आहे.

आधी ती लिंक नीट पाहू. सुरुवातीला साइटचे नाव असते आणि बरेचदा त्याला एखादा आकडा चिकटवलेला असतो. मूळ पत्ता सरकारने बंद केला की तीच साइट नव्या आकड्यासह दुसऱ्या पत्त्यावर उभी राहते. पुढे प्रश्नचिन्ह, ‘रेफ’सारखी दोन-तीन अक्षरे, बरोबरचे चिन्ह, आणि शेवटी आठ-दहा अक्षरांचा कोड. हा कोड म्हणजे पाठवणारा माणूस. लिंकवर बोट पडले की फोनच्या ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद साठते, तिला कुकी म्हणतात. तिची मुदत संपण्याआधी त्या माणसाने खाते उघडले, तर ते खाते पाठवणाऱ्याच्या नावावर चढते. सगळी कमाई या एका नोंदीला टांगलेली असते. वाचणाऱ्याने लिंक व्हॉट्सॲपमध्ये उघडली आणि खाते मात्र नंतर क्रोममध्ये काढले, तर दुवा तुटतो. मध्ये दुसऱ्या कुणाच्या लिंकवर बोट पडले, तर पुष्कळ ठिकाणी शेवटची लिंक खरी धरली जाते आणि पहिल्याचे श्रम वाया जातात. मित्र शपथेवर सांगतो, ‘तुझ्याच लिंकवरून आलो’. साइट म्हणते, आमच्याकडे तशी नोंद नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला माणसे पुरवण्याची दलाली काही नवी नाही. ठेकेदाराचा मुकादम माणशी पैसे घेतो, पण गेटमधून किती माणसे आत गेली हे तो स्वतःच्या डोळ्यांनी मोजतो आणि हजेरीपट त्याच्याही खिशात असतो. लिंक पाठवणाऱ्याला गेटच दिसत नाही.

आता पैशांचा हिशेब. इथे दोन मुख्य पद्धती आहेत आणि दोन्हींत भांडणाची बीजे वेगवेगळ्या जागी आहेत.

पहिली पद्धत उलाढालीवर चालते आणि क्रिप्टो साइटवर ती लोकप्रिय आहे. जुगाराच्या प्रत्येक खेळात खेळ चालवणाऱ्या कंपनीचा एक ठरलेला वरचष्मा असतो, त्याला ‘हाउस एज’ म्हणतात. फाशाच्या खेळात तो साधारण एक टक्का धरू. समजा, बोईसरच्या मित्राने रात्रभरात २००-२०० रुपयांचे ५०० डाव टाकले. उलाढाल झाली एक लाखाची. खिशात एक लाख असायची गरज नसते; जिंकलेले पुन्हा लावत गेले की दोन-चार हजारांतही एवढी उलाढाल सहज होते. एक टक्क्याने कंपनीचा अपेक्षित नफा १,००० रुपये. त्याचा निम्मा, म्हणजे ५००, हिशेबात धरायचा आणि त्यावर दहा टक्के कमिशन द्यायचे, असे सूत्र असेल तर लिंक पाठवणाऱ्याला मिळतात ५० रुपये. एक लाखाच्या खेळामागे पन्नास. ‘दहा टक्के कमिशन’ वाचून ज्याने मनात दहा हजारांचे गणित मांडले असेल, त्याचे पहिले भांडण इथे सुरू होते. सूत्र साइटवर लिहिलेले असते, पण दहाच्या आकड्यापुढे जाऊन कशाचे दहा टक्के हे वाचणारे थोडे.

दुसरी पद्धत नफ्यातल्या वाट्याची. मित्र जितके हरला त्यातून काही टक्के, अनेकदा पंचवीस ते चाळीस. म्हणजे सरळ सांगायचे तर मित्र बुडाला की कमिशन मिळते आणि मित्र जिंकला की मिळत नाही. जाहिरातींत हे वाक्य सापडणार नाही. तिथे ‘निव्वळ महसुलातील वाटा’ असा सभ्य शब्दप्रयोग असतो आणि खरी ग्यानबाची मेख त्या ‘निव्वळ’मध्येच असते. समजा मित्र १०,००० रुपये हरला. साइट त्याला दिलेला २,००० चा बोनस वजा करते, पैसे पाठवण्या-घेण्याचा आणि खेळ बनवणाऱ्या कंपनीचा खर्च म्हणून आणखी १,००० काढते. उरले ७,०००, तीस टक्क्यांनी २,१०० रुपये. ठीक. पण त्याच महिन्यात त्याच लिंकवरून आलेला दुसरा मित्र ६०,००० जिंकला तर? बेरीज होते उणे ५३,०००, आणि कमिशन उणे १५,९००. काही साइट महिना संपला की ही उणे रक्कम पुसून शून्य करतात. काही ती पुढच्या महिन्यात ओढत नेतात, आणि मग आणखी कितीतरी मित्र बुडाल्याखेरीज लिंकवाल्याच्या हातात दमडी पडत नाही. या ओढत नेण्याच्या अटीइतकी भांडणे क्वचितच दुसऱ्या कशाने लावली असतील.

खर्च किती वजा झाला, बोनस कुणाला किती दिला, उणे रक्कम कुठून आली, हे तपासायला लिंकवाल्याकडे काय असते? एक पडदा. त्याला ‘डॅशबोर्ड’ म्हणतात. त्यावर क्लिक, नोंदणी, उलाढाल, कमिशन असे चार-पाच आकडे असतात. खेळाडूंची नावे बहुधा झाकलेली. आकडे भरणारा तोच, ज्याला त्या आकड्यांनुसार पैसे द्यायचे आहेत.

क्रिप्टोवाले यावर एक उत्तर देतात, आणि ते ऐकायला जोरदार आहे: आमच्याकडे सगळे पारदर्शक, सगळे ब्लॉकचेनवर. यात अर्धे सत्य आहे. एप्रिल २०१२ मध्ये सातोशीडाइस नावाची साइट सुरू झाली. ठरलेल्या पत्त्यावर बिटकॉइन पाठवायचे. जिंकले तर जास्त परत येणार, हरले तर नाममात्र. खाते नाही, पासवर्ड नाही. प्रत्येक डाव हा बिटकॉइनच्या सार्वजनिक खातेवहीतला स्वतंत्र व्यवहार होता. एका टप्प्यावर बिटकॉइनच्या जाळ्यावरचे निम्म्याहून अधिक व्यवहार या एकट्या फाशाच्या खेळाचे होते, आणि त्यावरून बिटकॉइनच्या जाणकारांमध्ये कुरबुरही झाली. पुढच्याच वर्षी ती साइट १,२६,३१५ बिटकॉइनला विकली गेली. तिथे बाहेरचा माणूसही उलाढाल मोजू शकत होता.

आजच्या साइट तशा नाहीत. व्यवहाराचे शुल्क वाढले, वेग हवा होता, म्हणून आता खेळाडूचा भरणा तेवढा ब्लॉकचेनवरून येतो आणि पैसे काढतानाचा व्यवहार तेवढा ब्लॉकचेनवरून जातो. मधले शेकडो डाव कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर होतात. फाशाचा कौल खरा होता का, हे तपासायची सोय मात्र खेळाडूला असते: कंपनी डावाआधीच एका गुप्त आकड्याचा गणिती ठसा जाहीर करते, खेळाडू आपला आकडा त्यात मिसळतो, आणि नंतर गुप्त आकडा उघड झाला की ठसा जुळतो का ते कुणीही पडताळू शकतो. हे तंत्र खरोखर चोख आहे. फक्त ते एका डावाचा कौल सिद्ध करते. डाव किती झाले, कुणाच्या लिंकवरच्या माणसाने टाकले, त्यातून कुणाला किती द्यायचे, याचा कुठलाही गणिती पुरावा नाही. फासा पारदर्शक, दलाली झाकलेली.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी, कारण लिंकवाले काही सगळे भाबडे नसतात. स्वतःच्याच लिंकवरून स्वतःच दुसरे खाते काढणे, घरच्यांच्या नावावर पाच खाती उघडून स्वागताचा बोनस लाटणे, दोन खात्यांवरून एकमेकांविरुद्ध डाव लावून नुसती उलाढाल फुगवणे, या युक्त्या सर्रास चालतात. म्हणून ‘स्वतःचा संदर्भ चालणार नाही’ आणि ‘संशयास्पद उलाढाल रद्द होईल’ अशी कलमे जवळपास प्रत्येक करारात असतात. त्याहून वाईट प्रकार ब्रिटनमध्ये घडला. तिथे २०१७ साली जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने, एएसएने, लाडब्रोक्स, ८८८, स्काय व्हेगास आणि कासुमो या कंपन्यांना फटकारले. एका मध्यस्थाने बातमीच्या थाटात एक कहाणी पसरवली होती: कर्जात बुडालेला, बायकोच्या कॅन्सरच्या उपचारांनी खचलेला माणूस ऑनलाइन जुगारातून कर्जमुक्त झाला. खाली अर्थातच लिंक. कंपन्या म्हणाल्या, हे आमच्या मध्यस्थाचे काम. संस्था म्हणाली, मध्यस्थ तुमचा, जबाबदारी तुमची. त्याच वर्षी स्काय बेट या मोठ्या कंपनीने ब्रिटनमधला आपला मध्यस्थांचा कार्यक्रमच गुंडाळला. खेळाडू आयुष्यभर खेळेल आणि आपल्याला आयुष्यभर वाटा मिळेल, या भरवशावर ज्यांनी वर्षे घातली होती, त्यांचा झरा एका घोषणेने आटला. करारात कार्यक्रम बंद करण्याची मुभा असेल, तर हे बेकायदाही ठरत नाही.

हे त्या देशातले, जिथे जुगाराला परवाना आहे, नियामक आहे, कोर्टाचे दार उघडे आहे. आपल्याकडच्या माणसाचा करार बहुधा असतो तो कुरासाओ नावाच्या बेटावरच्या कंपनीशी. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचे, नेदरलँड्सच्या राज्यातले हे बेट. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. १९९३ च्या एका कायद्याखाली तिथे मोजक्या मुख्य परवानाधारकांनी जगभरच्या असंख्य साइटना उपपरवाने वाटले. कुठे कुणी कमिशन बुडवले तर तक्रार करायची ती त्याच परवाना विकणाऱ्या खासगी मालकाकडे, असा हा कारभार कित्येक वर्षे चालला. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे नवा कायदा लागू झाला आणि परवाने थेट सरकारी यंत्रणेकडे आले. खेळाडूंच्या तक्रारींना त्यात थोडे बळ मिळाले असले, तरी हजार-दोन हजारांच्या कमिशनसाठी बोईसरहून कुरासाओच्या वकिलाला गाठणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मग पालघरच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला तर? इथेच १८६५ साल आडवे येते, आणि त्याची गोष्ट थोडी मागून सुरू होते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईचे व्यापारी अफूच्या भावावर पैजा लावत. कलकत्त्याच्या सरकारी लिलावात अफूला सरासरी काय भाव येईल, यावर मुंबईत पैसे लागत. अशाच एका पैजेचा तंटा, रामलाल ठाकूरसीदास विरुद्ध सुजनमल धोंडमल, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तेव्हाच्या इंग्लिश कायद्याप्रमाणे पैजेचे पैसे कोर्टातून वसूल करता येत होते, आणि न्यायाधीशांनी नाखुशीने का होईना तसाच निकाल १८४८ मध्ये दिला. त्याच वर्षी हिंदुस्थानातल्या सरकारने कायदा करून पैजेचे करार निरर्थक ठरवले. पैज लावणाऱ्यांचे दार बंद झाले.

दलालांचे मात्र उघडेच राहिले. कारण पैज वेगळी आणि ती जुळवून देणाऱ्याची दलाली वेगळी. दलाल म्हणू शकत होता: मी कुठे पैज लावली? मी फक्त दोन माणसे एकत्र आणली, माझी मजुरी द्या. मुंबई सरकारने ही फट बुजवली ती १८६५ च्या तिसऱ्या कायद्याने. साल लक्षात घेण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस सोन्याच्या भावाने विकला जात होता, बॅकबेच्या भरावाच्या कंपनीच्या शेअरवर शहर वेडे झाले होते, आणि १ जुलै १८६५ ला मुदतीचे सौदे चुकते करायची वेळ आली तेव्हा बडी बडी घराणी कोसळली. त्या वर्षीच्या मुंबईला दलाल म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. या कायद्याने जुगाराला जाणूनबुजून मदत करणारे करारही निरर्थक ठरवले आणि अशा व्यवहारातली दलाली, कमिशन, फी किंवा बक्षीस यांच्या वसुलीचा दावा कोर्टाने ऐकूच नये असे सांगितले. आजच्या कुठल्याही रेफरल कार्यक्रमाच्या अटी घ्या, त्यात याच चार गोष्टी नव्या नावांनी सापडतात.

हा कायदा फक्त मुंबई इलाख्यापुरता होता, आणि तारापूर त्या इलाख्यातल्या ठाणे जिल्ह्यात होते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० ने पैजेचे करार देशभर निरर्थक ठरवले खरे, पण दलालीबद्दल ते कलम गप्प आहे. यातून चमत्कारिक विषमता निर्माण झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया या खटल्यात ती स्पष्ट केली. दोघांनी हापूरच्या व्यापाऱ्यांशी गव्हाच्या भावावर सट्टा लावण्यासाठी भागीदारी केली होती, नफा-तोटा निम्मा-निम्मा. तोटा झाला, एकाने तो सगळा भरला आणि दुसऱ्याकडे अर्धा मागितला. न्यायालय म्हणाले, सट्टा निरर्थक आहे, पण निरर्थक म्हणजे बेकायदा नव्हे. त्याला जोडून केलेला भागीदारीचा करार पाळावा लागेल. मात्र त्याच निकालात न्यायालयाने मुंबईच्या १८६५ च्या कायद्याचे वेगळेपण नोंदवले: तिथे असे जोडकरारही टिकत नाहीत. करार कायद्यावरच्या पुस्तकांत कलम ३० च्या खाली महाराष्ट्र आणि गुजरातचा अपवाद म्हणून तो आजही छापला जातो. थोडक्यात, एकाच कमिशनचा दावा कोलकात्यात निदान वादाचा मुद्दा होऊ शकला असता. पालघरात तो उंबऱ्यावरच अडतो.

कोर्ट नाही म्हणून मुंबईतल्या जुगाराची दलाली थांबली का? मुळीच नाही. मटक्याचा इतिहास हा एका अर्थाने कोर्टाविना चाललेल्या कमिशनचाच इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईत येत आणि त्यावर आकडा लागत असे. ते भाव येणे थांबल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीत स्वतःचा मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रीने न्यू वरळी मटका आणला. गिरणगावापासून कोकणापर्यंत आकडा पोचवला तो चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांनी. पानाच्या टपरीवर, सलूनच्या बाकावर बसून हा माणूस गिऱ्हाइकाचा आकडा लिहून घेई आणि रुपयामागे ठरलेले पैसे कापून घेई. त्याचे कमिशन बुडवणे वरच्याला परवडत नसे. एक तर पैसे आधी त्याच्या हातात येत, आपला कट काढूनच तो पुढे देई. दुसरे म्हणजे किती चिठ्ठ्या फाटल्या याची नोंद त्याच्याजवळच असे. हे सगळे बेकायदाच होते, १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंध कायद्याखाली पोलीस त्याला उचलूनही नेत, आणि त्या चिठ्ठ्यांनी गिरणी कामगारांची घरे धुऊन नेली याबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. पण दलालीच्या हिशेबापुरते बोलायचे तर पैसा आणि वही दोन्ही दलालाच्या हातात होती. ऑनलाइन साइटने नेमक्या या दोनच गोष्टी उलट्या केल्या. पैसा थेट वर जातो, वही वरच राहते, आणि लिंकवाला महिनाअखेर हात पसरून उभा असतो.

वही कुणाकडे, यावर किती मोठा डोलारा उभा राहू शकतो ते महादेव बुक या ऑनलाइन सट्ट्याच्या प्रकरणात दिसले. छत्तीसगडच्या भिलाईतून निघालेल्या सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल यांच्यावर हे जाळे दुबईतून चालवल्याचा आरोप आहे. अंमलबजावणी संचालनालयाच्या (ईडीच्या) म्हणण्यानुसार ओळखीच्या माणसांना ‘पॅनल’ किंवा शाखा वाटल्या जात आणि नफा सत्तर-तीसच्या प्रमाणात विभागला जाई. पॅनलवाला गिऱ्हाइकाला आयडी देई, पैसे गोळा करी. मुख्य खाते मात्र वरच्यांच्या ताब्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महादेवसह २२ ॲप आणि साइटवर बंदी घातली, आणि त्याच महिन्यात मुंबईत माटुंगा पोलिसांनीही गुन्हा नोंदवला. महाराष्ट्रातले दुसरे गाजलेले प्रकरण फेअरप्ले या सट्ट्याच्या ॲपचे. २०२३ च्या आयपीएलचे सामने विनापरवाना दाखवल्याच्या वायकॉम १८ च्या तक्रारीवरून महाराष्ट्र सायबरने त्याचा तपास हाती घेतला, जाहिरात करणाऱ्या नामवंतांना जबाबासाठी बोलावले. पुढे ईडीच्या तपासात कुरासाओ, दुबई आणि माल्टा इथल्या कंपन्यांची साखळी पुढे आली. या दोन्ही प्रकरणांत खालच्या मध्यस्थाचे कमिशन कुणी बुडवले, हा प्रश्न तपासात दुय्यमही नव्हता. मध्यस्थ दिसतो तो आरोपींच्या यादीत.

परदेशातही त्याची गत फार निराळी नाही. अमेरिकेने १५ एप्रिल २०११ ला बड्या पोकर साइटवर कारवाई केली. त्यांतल्या फुल टिल्टच्या खेळाडूंचे अडकलेले पैसे पुढे परत देण्याची व्यवस्था झाली, तेव्हा गिऱ्हाइके आणून देणाऱ्या मध्यस्थांना सुरुवातीला त्यातून वगळण्यात आले. खेळाडू पीडित मानला गेला, मध्यस्थ नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन करणारा कायदा मंजूर केला. २२ तारखेला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवायला सरसकट मनाई आहे, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, आणि सेवा भारताबाहेरून चालत असली तरी. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लिंकवाल्याने वाचावे ते जाहिरातीचे कलम. अशा खेळाकडे कुणाला प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष वळवणारी जाहिरात करणे, करवणे किंवा तिला हातभार लावणे, कुठल्याही माध्यमातून, हा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सिनेनटासाठी लिहिल्यासारखे वाटणारे हे शब्द ‘भावा, या लिंकवरून अकाउंट काढ’ या मेसेजलाही लागू पडू शकतात. आणि व्यवहाराचा हेतूच बेकायदा ठरला, तर करार कायद्याच्या कलम २३ मुळे कोलकात्याचा उरलासुरला वादही संपतो.

समजा या सगळ्यातून कमिशन मिळालेच, यूएसडीटी या क्रिप्टो चलनात, वॉलेटमध्ये. ते रुपयांत आणायला बहुतेक जण अनोळखी खरेदीदाराला थेट विकतात आणि तो बँकेत रुपये टाकतो. त्या रुपयांत कुठल्या तरी फसवणुकीतला पैसा मिसळला असेल, तर परराज्यातल्या पोलिसांच्या पत्राने बोईसरमधले खाते गोठते, पगाराचे असले तरी. शिवाय २०२२ पासून क्रिप्टो विक्रीतल्या नफ्यावर तीस टक्के कर आहे, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही, आणि ठरावीक मर्यादेपुढच्या व्यवहारावर एक टक्का टीडीएस वेगळा. कमिशन कागदावरच किती झिजते ते यावरून दिसेल.

एवढे असूनही कुणी दावा लावायचे ठरवलेच, तर वकील आधी वादपत्र लिहायला घेईल. त्यात दाव्याचे कारण सांगावे लागते: वादीने अमुक साइटसाठी अमुक तारखेपासून इतकी माणसे जुगार खेळायला आणली, त्याबद्दल इतके कमिशन ठरले होते, सोबत डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट. खाली सत्यापनाची सही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ प्रमाणे कायद्याने मनाई असलेला दावा वादपत्रावरूनच दिसत असेल, तर न्यायालय ते तिथेच नामंजूर करते, प्रतिवादीचे म्हणणे ऐकायचीही गरज पडत नाही. स्क्रीनशॉट मात्र वादीच्या सहीनिशी फायलीत राहतात.